शिंपल्याचं गोत्र : दिसणारं रूप आणि न दिसणारी विविधता



मघाशी चहा घेताना एका गृहस्थांनी मला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. समुद्र इथून तीन-चारशे किलोमीटर लांब. आणि तुम्ही शिंपल्यावर बोलणार, म्हणजे नेमकं काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला मला तासभर लागेल, तेवढा वेळ तुम्ही द्यावा ही विनंती.

भारतीय तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याची शिंपल्याशी फार जुनी ओळख असते. 'शुक्तिरजत' हा आमच्याकडचा ठरलेला दृष्टांत. शुक्ती म्हणजे शिंपला, रजत म्हणजे चांदी. वाळूत काहीतरी चमकतं, माणसाला वाटतं चांदी आहे, तो वाकून उचलतो आणि हातात येतो शिंपला. मग प्रश्न असा की ती चांदी दिसली, ती होती कुठे? नैयायिक म्हणतात, दुसरीकडची चांदी इथे भासली, ही अन्यथाख्याती. प्रभाकर मीमांसक म्हणतात, समोरचं 'हे' आणि आठवणीतली 'चांदी' यांतला भेद लक्षात आला नाही, एवढंच घडलं, ही अख्याती. अद्वैती म्हणतात, ती चांदी आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही, म्हणून अनिर्वचनीय. तीस-पस्तीस वर्षं मी हे शिकवलं. फळ्यावर एका बाजूला शुक्ती लिहायचो, दुसऱ्या बाजूला रजत. पण खरं सांगतो, एवढ्या वर्षांत एकदाही वर्गात शिंपला घेऊन गेलो नाही. दृष्टांतातला शिंपला म्हणजे नुसता भ्रम होण्याचं ठिकाण. तो स्वतः कोण आहे, हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही.

निवृत्तीनंतर गावचं घर आवरताना भांड्यांच्या पेटीत आईची शिंपी सापडली. इथल्या आया-बहिणींना ती सांगायला नको. दूध तापवलेल्या पातेल्याच्या बुडाची खरवड काढायची शिंपी. वर्षानुवर्षं घासून तिची एक कड कागदासारखी पातळ झाली होती. आमच्या लहानपणी खरवड कोणाला मिळणार यावरून भांडणं होत, पण शिंपी आली कुठून हे कोणी विचारलं नाही. मामांनी ती पैनगंगेच्या पात्रातून आणली होती. समुद्राची नव्हे, आपल्या नदीची.

मग मी वाचायला लागलो. या शिंपल्याच्या कुळाला शास्त्रज्ञ 'लॅमेलिडेन्स' म्हणतात. त्यातली आपल्याकडची सगळ्यात ओळखीची प्रजाती 'लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस'. तिचं नामकरण केलं 1819 साली फ्रान्सच्या लामार्कने. हा तोच लामार्क, ज्याची जिराफाची मान विद्यार्थ्यांनी दहावीच्या पुस्तकात वाचलेली असते. आईच्या स्वयंपाकघरातली वस्तू आणि लामार्क, यांचं असं नातं निघेल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आजचा विषय तिथून सुरू होतो. एकाच डोहातले दोन शिंपले आपल्याला सारखे दिसतात. ते आतून सारखे नसतात. हे माणसाला कसं कळत गेलं, कळायला एवढा वेळ का लागला, आणि कळून आपल्याला काय करायचं आहे, हा इतिहास मी सांगणार आहे.

सुरुवात विदर्भापासूनच करू. 1845 साली स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी नागपूरला आले. आज नागपुरात त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. शाळा आणि धर्मकार्य हा त्यांचा व्यवसाय, पण हातात सतत हातोडा. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर ते सीताबर्डीची टेकडी, टाकळीचा परिसर पालथा घालत. आपल्या पायाखालचा हा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. पण दोन थरांच्या मध्ये कधी मोठा खंड पडला, तिथे तळी साचली, तळ्यांत गोगलगायी आणि शिंपले नांदले, आणि पुढच्या लाव्ह्याने ते झाकून टाकले. ते जीवाश्म हिस्लॉप यांनी गोळा केले आणि 1860 साली लंडनच्या भूवैज्ञानिक नियतकालिकात त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली.

आता इथे थांबून एक गोष्ट पाहा. जीवाश्मात उरतं काय? मांस गेलं, रंग गेला, उरला आकार. तेव्हा आकारावरूनच प्रजाती ठरवायची. एक सुबक नमुना निवडायचा, त्याला नाव द्यायचं, त्याच्याशी जुळेल ते त्या नावाखाली. जे थोडं वेगळं दिसेल त्याचं काय? ते 'बिघडलेलं' किंवा 'किरकोळ फरक असलेलं' म्हणून खणाच्या मागे. ही पद्धत हिस्लॉप यांची एकट्यांची नव्हती, त्या काळच्या साऱ्या संग्रहालयांची होती.

आणि तिच्या मुळाशी तत्त्वज्ञान आहे, बरं का. प्लेटोने सांगितलं की खरं असतं ते आदर्श रूप, समोरच्या वस्तू म्हणजे त्याच्या कमी-अधिक सदोष नकला. दोन हजार वर्षं हा विचार युरोपात मुरलेला. त्यात वेगळेपणाला किंमत नाही, वेगळेपण म्हणजे उणीव. आपल्या वैशेषिकांनी सहा पदार्थ सांगितले, त्यांत 'सामान्य' आहे तसा 'विशेष'ही आहे. पण माझ्याकडून चुकीचा अर्थ जाऊ नये म्हणून सांगतो, त्यांचा 'विशेष' परमाणूंसारख्या नित्य द्रव्यांपुरता आहे. या शिंपल्याहून तो शिंपला वेगळा कसा, याला त्यांनी तो लावला नाही. म्हणजे पूर्वेला काय आणि पश्चिमेला काय, शिंपल्यांच्या ढिगातल्या प्रत्येक शिंपल्याच्या वेगळेपणाकडे तत्त्वज्ञांनी मान वळवून पाहिलं नाही. एर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञाने 1959 साली हा फरक नेमक्या शब्दांत मांडला: एक 'नमुन्याचा' विचार आणि दुसरा 'समूहाचा' विचार. पहिल्याला सरासरी खरी वाटते आणि फरक खोटा. दुसऱ्याला फरक खरा वाटतो आणि सरासरी ही आपली सोय.

ही मान वळवायला भाग पाडणाऱ्या माणसांत डार्विन पहिला. आपण डार्विन म्हटलं की गॅलापागोसच्या चिमण्या आठवतो. पण 1846 ते 1854 अशी आठ वर्षं हा माणूस घरात बसून बार्नेकल चिरत होता. बार्नेकल म्हणजे समुद्रकाठच्या खडकांना, जहाजांच्या बुडाला चिकटलेले ते पांढरे खरखरीत कवचाचे प्राणी. दिसायला शिंपल्याचे भाऊबंद, पण नात्याने खेकडा-झिंग्याच्या घराण्यातले. त्यांची यादी करायला बसला आणि वैतागला. दोन नग सारखे निघेनात. हा फरक प्रजातीचा म्हणू की त्या एकट्या प्राण्याचा? यादी करणाऱ्याला हा त्रास होता, पण 1859 साली जो सिद्धान्त जगापुढे आला, त्याचं भांडवल हाच त्रास. फरकच नसेल तर निसर्ग निवड कशातून करणार? मात्र हा फरक कुठे साठवलेला असतो, आईबापांकडून लेकरात कसा उतरतो, हे डार्विनला ठाऊक नव्हतं. मेंडेलच्या वाटाण्यांचा हिशोब 1866 साली छापून आला आणि 1900 पर्यंत पडून राहिला.

आपल्याकडे परत येतो. 1860च्याच दशकात विल्यम ब्लॅनफर्ड या भूवैज्ञानिकाने सह्याद्रीच्या ओल्या कड्यांवर, धबधब्याचे तुषार उडतात तिथे, एक चिमुकली गोगलगाय पाहिली. तिच्या कुळाला 'क्रेम्नोकोंकस' हे नाव मिळालं, म्हणजे कड्यावरचा शिंपला. ब्लॅनफर्डच्या लक्षात आलं की हिचं नातं समुद्रकाठच्या गोगलगायींशी आहे. समुद्रातलं घराणं, आणि राहतं डोंगराच्या कड्यावर! पुढे दीडशे वर्षांनी, 2013 साली, डेव्हिड रीड, अरविंद आणि माध्यस्थ यांनी डीएनए तपासून दाखवलं की ब्लॅनफर्डचं समुद्राचं नातं बरोबर होतं, पण प्रजातींची संख्या आपण समजत होतो त्याहून बरीच जास्त आहे. यातल्या काहींचा मुलूख अगदी तोकडा. तिथे रस्ता रुंद केला, धबधब्याचं पाणी वळवलं, तर एक आख्खं घराणं संपेल आणि वर्तमानपत्रात एक ओळही येणार नाही.

दुसरं उदाहरण कोकणातलं. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रा. आवटी होते. त्यांनी आणि राय यांनी 1931 साली 'मुंबईचं कालव' या एकाच प्राण्यावर सबंध पुस्तिका लिहिली. कालव खडकाला चिकटतं आणि खडक जसा असेल तसा आकार घेतं. सपाट जागी पसरट, दाटीत उभट. म्हणजे आकार हा त्याचा स्वभाव नव्हे, ती त्याच्या शेजाऱ्याची सही. अशा प्राण्याची प्रजाती नुसत्या डोळ्यांनी कशी ठरवणार? 'सॅकोस्ट्रिया कुकुलाटा' हे एक नाव हिंदी महासागरापासून प्रशांत महासागरापर्यंतच्या खडकांवरच्या कालवांना सरसकट लावलं जात होतं. डीएनए पाहिल्यावर त्या एका नावाखाली अनेक वेगळ्या वंशरेषा निघाल्या. बाहेरून एक आणि आतून अनेक. आमच्या नैयायिकांना हा नवा दृष्टांत आवडला असता.

मग आत पाहायचं कसं? ती वाट उघडली विसाव्या शतकाच्या मध्यावर, आणि तिचं साधन फार साधं होतं. 1955 साली ऑलिव्हर स्मिथीज यांनी बटाट्याच्या स्टार्चची खळ थिजवून तिची वडी केली. कपड्याला घालतो तसलीच खळ, फक्त घट्ट. त्या वडीच्या एका टोकाला प्राण्याच्या मांसाचा रस लावायचा आणि विजेचा प्रवाह सोडायचा. रसातली प्रथिनं वडीतून सरकू लागतात. ज्या प्रथिनावरचा विद्युतभार वेगळा ते पुढे जातं किंवा मागे राहतं. जत्रेच्या गर्दीतून एकाच वेळी सोडलेली दोन माणसं वेगवेगळ्या जागी पोचतात, तसं. प्रथिन घडतं जनुकाच्या सांगण्यावरून. तेव्हा एका प्राण्याचं प्रथिन एका जागी आणि दुसऱ्याचं दुसऱ्या जागी थांबलं, तर त्यांची जनुकं वेगळी. जनुकांतला फरक असा पहिल्यांदा डोळ्यांना दिसला, निळ्या-जांभळ्या पट्ट्यांच्या रूपात.

1966 साली शिकागोत रिचर्ड लेवॉन्टिन आणि जॉन हबी यांनी फळमाशीवर ही पद्धत लावली. त्याआधी जीवशास्त्रज्ञांत भांडण होतं. एक पक्ष म्हणे, रानातल्या जीवांत जनुकं बहुतेक सारखीच असणार, फरक म्हणजे अपवाद. हा प्लेटोचाच पक्ष, नाव बदललेला. दुसरा पक्ष म्हणे, फरकच भरपूर असणार. लेवॉन्टिन-हबींच्या माशांत तपासलेल्या जनुकांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शात एकाहून जास्त रूपं सापडली. फरकाच्या बाजूचा हा मोठा विजय. मात्र लगेच नवा प्रश्न आला: हा सगळा फरक कामाचा आहे, की नुसता साचलेला?

याचं उत्तर शोधायला कवचधारी जलचर फार सोयीचे ठरले. ते जागचे हलत नाहीत, एका जागी हजारोंनी मिळतात, आणि पाण्याचा खारटपणा, ऊन, भरती-ओहोटी सगळं मुकाट सोसतात. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड साउंड नावाचा समुद्राचा लांबट फाटा आहे. एका टोकाला खुला महासागर, आत गेलं की नद्यांचं गोडं पाणी मिसळून खारटपणा कमी. तिथल्या निळ्या शिंपल्यांवर रिचर्ड कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 आणि 80च्या दशकांत काम केलं. प्रथिनं तोडणाऱ्या एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, जनुकाचं एक रूप महासागराच्या बाजूला भरपूर आढळे आणि आत जावं तसं झपाट्याने कमी होई. का? ते रूप असलेल्यांत विकर जास्त जोरात चालतं, पेशीत प्रथिनांचे तुकडे जास्त साठतात, आणि खारट पाण्यात पेशीचा तोल सांभाळायला ते उपयोगी पडतात. आतल्या कमी खाऱ्या पाण्यात मात्र हीच उधळपट्टी होते. जमवलेलं अंगातून वाहून जातं आणि पावसाळी ढगाळ दिवसांत भाडं भरणाऱ्या दुकानदारासारखा तो शिंपला आतून पोकळ होत जातो.

याच्या पुढचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. शिंपल्यांची पिल्लं पाण्याबरोबर वाहतात. दर वर्षी महासागराकडून नवी पिल्लं आत येतात, ती 'चुकीचं' रूपही घेऊन येतात. काही महिन्यांत त्यांच्यातली ते रूप असलेली जास्त मरतात, आणि आतला समूह पुन्हा आपल्या पाण्याला जुळतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ज्या निसर्गनिवडीला लाखो वर्षं लागतात असं आपण शिकलो, ती इथे दर साल घडताना मोजता आली.

आता संख्येकडे येऊ. आज मला जे मुख्य सांगायचं आहे ते इथे आहे. कालवाची एक मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी सोडू शकते. मग वाटतं, एवढ्या संततीत विविधतेला काय तोटा? 1994 साली डेनिस हेजकॉक यांनी याला उलट उत्तर दिलं. कोट्यवधी पिल्लांतली जवळजवळ सगळी मरतात. ज्यांचा वेळ, प्रवाह, अन्न सगळं नेमकं जुळलं, अशा मोजक्या आईबापांचीच पिल्लं जगतात. लॉटरीच. तिकिटं लाखोंनी, बक्षिसं चार-दोन. म्हणून किनाऱ्यावर लाखो कालवं दिसली तरी पुढच्या पिढीला जनुकं देणारे आईबाप त्या मानाने फार थोडे असू शकतात. डोकी मोजून घराणी मोजता येत नाहीत.

आणि घराणी कमी झाली की काय होतं? 1978 साली सिंग आणि झूरोस यांनी अमेरिकी कालवांत पाहिलं की ज्यांच्याकडे आईची आणि बापाची जनुकं वेगवेगळ्या रूपांची आहेत, ती कालवं सरासरीने जोमात वाढतात. याच्या कारणांवर पुढे वीस-तीस वर्षं वाद झाला. एक कारण असं निघालं की कालवांच्या अंगात घातक, पण झाकून राहिलेली जनुकं खूप असतात. वेगळ्या घराण्याचा जोडीदार असला तर ती झाकलेली राहतात. सख्ख्यांत संबंध झाले की उघडी पडतात. आपल्याकडे सोयरीक करताना सगोत्र टाळत. त्यामागे इतरही पुष्कळ गोष्टी होत्या, त्यांचं समर्थन मी करत नाही. पण शिंपल्याच्या बाबतीत गोत्राचा प्रश्न खरा आहे, म्हणून व्याख्यानाला हे नाव दिलं.

हे पुस्तकी वाटत असेल तर आपल्याच देशातला अनुभव सांगतो. मोठा गोड्या पाण्यातला झिंगा, ज्याला बाजारात स्कॅम्पी म्हणतात, त्याची शेती भारतात 2000 नंतर जोरात होती. मग काही वर्षांतच ती घसरली. कारणं अनेक होती, पण एक असं की बीजकेंद्रांत थोड्याच आईबापांपासून पिढ्यामागून पिढ्या पिल्लं काढली गेली आणि झिंगे वाढेनासे झाले. मग भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने 2007 पासून वर्ल्डफिश या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर सुधारित वाण तयार करायला घेतलं. त्यासाठी ते कुठे गेले? रानात. गुजरात, केरळ आणि ओडिशा, तिन्हीकडचे नैसर्गिक झिंगे आणून त्यांचे आपसांत संकर केले आणि त्यातून निवड सुरू केली. तळ्यातलं भांडवल संपल्यावर नदीतल्या ठेवीवर जावं लागलं. ती ठेव शिल्लक होती म्हणून जाता आलं.

तुम्ही शेतकरी आहात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. सोयाबीनचं जेएस-335 हे एकच वाण आपल्या भागात किती वर्षं, किती शिवारांत पेरलं गेलं! पेरा वाढला, एकरी हिशोब वाढले, आणि शिवार आतून एकसारखं झालं. मग रोग आला की सगळ्यांच्या बांधावर एकाच आठवड्यात.

आता पैनगंगेकडे जाऊ. ही नदी आपल्याच बाजूच्या अजिंठ्याच्या डोंगरात उगवते. तिचं पाणी वर्धेला, वर्धेचं प्राणहितेला, प्राणहितेचं गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराला जातं. तिच्यातल्या शिंपल्याचा संसार समुद्रातल्या शिंपल्यापेक्षा वेगळा. त्याची पिल्लं नुसती पाण्यावर सोडून दिलेली नसतात. आई ती आपल्या कल्ल्यांत वाढवते, मग हजारोंनी बाहेर सोडते, आणि ती पिल्लं एखाद्या माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात. काही दिवस त्या माशाच्या अंगावर काढून खाली गाळात पडतात आणि तिथे शिंपला म्हणून जगतात. मासा नाही तर शिंपला नाही. आणि मासा जिथवर जाईल, तिथवरच शिंपल्याची जनुकं जाणार. मासा म्हणजे त्यांची एसटी.

आता या नदीवर येळगावचं धरण आहे, पुढे पेनटाकळी आहे, त्याही पुढे इसापूर. पाणी आपल्याला हवं आहे, धरणं नकोत असं मी म्हणत नाही, येळगावचं पाणी बुलढाणा शहर पितं. पण माशाला भिंत ओलांडता येत नाही. तेव्हा भिंतीच्या वरचे शिंपले वर, खालचे खाली. एका घराण्याच्या वाटण्या झाल्या आणि भावकीत येणं-जाणं थांबलं. वर-खाली दोन्हीकडे हजारो शिंपले दिसतील, पण प्रत्येक तुकडा आपल्या आपल्यात आटत जाण्याची भीती अशा ठिकाणी असते. शिंपला दीर्घायुषी आणि सोशिक असतो, उन्हाळ्यात चिखलात रुतून बसतो. म्हणून नुकसान आपल्या डोळ्यांना लवकर दिसत नाही. म्हातारे दिसत राहतात, पिल्लं दिसेनाशी होतात.

या कुळाची आणखी एक गंमत सांगतो. पेशीत मायटोकाँड्रिया असतात, त्यांचा डीएनए आपल्याला फक्त आईकडून मिळतो, हा प्राणिजगताचा सर्वसाधारण नियम. शिंपल्यांनी तो मोडला आहे. 1990च्या दशकात आधी समुद्रातल्या आणि मग नदीतल्या शिंपल्यांत कळलं की आई आपला मायटोकाँड्रियाचा डीएनए सगळ्या लेकरांना देते, आणि बाप आपला वेगळा डीएनए फक्त मुलांना देतो. म्हणजे एकाच प्रजातीत आईची वंशावळ आणि बापाची वंशावळ दोन स्वतंत्र पोथ्यांत लिहिलेली. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून चांगलं दफ्तर कुठे मिळणार? आईची शिंपी मी फक्त खरवडीची समजत होतो!

शेवटचा मुद्दा, ज्यासाठी मी खरं तर धाडला यायचं कबूल केलं. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे शेततळ्यात मोत्यांची शेती करण्याचं वारं आलं आहे. शिंपला उघडायचा, आत मणी बसवायचा, वर्ष-दीड वर्ष जाळीत टांगून ठेवायचा. शास्त्र खरं आहे, शिकून-सवरून करणारे ते करतातही. माझा एक जुना विद्यार्थी या फंदात पडला. जाहिरात पाहून प्रशिक्षण घेतलं, कुठूनतरी गाडीभर शिंपले आणले, पुरले नाहीत म्हणून जवळच्या नदीतून पोत्यांनी काढले. मे महिन्यात बहुतेक मेले. उरलेले त्याने वैतागून ओढ्यात सोडून दिले. मला भेटला तेव्हा म्हणाला, "सर, पैसे गेले त्याचं दुःख आहे, पण नदी रिकामी केली ते रात्री आठवतं."

या एका गोष्टीत सगळा विषय आला. नदीतून पोत्यांनी काढले म्हणजे डोकी कमी झाली, ते दिसतं. पण दुसऱ्या खोऱ्यातले शिंपले आपल्या ओढ्यात सोडले, तेव्हा काय झालं ते दिसत नाही. हजारो वर्षं आपल्या पाण्याशी, आपल्या दुष्काळाशी जुळवून घेतलेल्या घराण्यात परकी जनुकं मिसळली, कदाचित परका रोगही आला. दारात पाटी लावून हे होत नाही. गोव्यात खिडक्यांना तावदानं म्हणून वापरला जाणारा पारदर्शक शिंपला 2001 साली वन्यजीव कायद्याच्या यादीत आला. चांगलं झालं. पण यादीत नाव असतं प्रजातीचं. एका खाडीतलं तिचं घराणं संपलं आणि दुसऱ्या खाडीतलं उरलं, तरी यादी जशीच्या तशी राहते. आपल्या खरवडीच्या शिंपल्याला तर कोणी विचारतही नाही.

मग करायचं काय? मोत्यांची शेती करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: शिंपले आपल्याच खोऱ्यातले घ्या, एकाच डोहातून सगळे काढू नका, लहान तसेच ठेवा, आणि धंदा बंद केला तर उरलेले परक्या पाण्यात सोडू नका. शिक्षकांना विनंती: उन्हाळ्यात मुलांना घेऊन नदीवर जा, कोणत्या डोहात लहान शिंपले आहेत आणि कोणत्या डोहात नुसते म्हातारे आहेत, याची वही करा. विद्यापीठातल्या मंडळींचं काम पुढचं. आता पूर्वीसारखा प्राणी मारून त्याचा रस काढावा लागत नाही. मांसाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा किंवा कापसाच्या बोळ्याने पुसलेला चिकट द्रवही डीएनएला पुरतो. शिंपला परत पाण्यात सोडता येतो. पण कुठल्या डोहातून घ्यायचा, हे गावाच्या वहीवरूनच कळणार.

सुरुवातीला शुक्तिरजताचा दृष्टांत दिला. तिथे माणूस शिंपल्याला चांदी समजतो, आणि सगळी दर्शनं त्याची चूक कशी झाली हे सांगतात. आयुष्याच्या उतरणीला मला वाटतं, आपली चूक उलटी आहे. समोर चांदी पडलेली आहे आणि आपण तिला नुसता शिंपला समजतो आहोत. पहिल्या चुकीत माणूस वाकतो, हातात घेतो आणि शहाणा होतो. दुसऱ्या चुकीत तो वाकतच नाही.

मी आईची शिंपी आज सोबत आणली आहे. व्याख्यान संपल्यावर विद्यार्थ्यांनी पुढे येऊन ती हातात घेऊन पाहावी. कड जपून, फार पातळ झाली आहे.